बायबलमधील यहुदी सण आणि ख्रिस्ती भविष्यवाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेवीय २३ मंडळीत वाचून झाला की प्रश्नांची रांग लागते. कर्णे वाजले की प्रभू येणार का? मोबाइलवर फिरणारी ती तारीख खरी का? हे सण आपण करावेत का? बायबल अभ्यासवर्गात जे पुन्हा पुन्हा विचारले जाते, त्याची उत्तरे इथे दिली आहेत. माझी भूमिका आधीच सांगून ठेवतो. या सणांतून येशू ख्रिस्ताकडे बोट दाखवले आहे असे मी मनापासून मानतो. पण हे सण मुळात इस्राएलच्या घरातले आहेत. जिथे प्रेषितांनी स्वतः सणाचा ख्रिस्ताशी संबंध जोडला, तिथे आपण ठामपणे बोलावे. जिथे तो आपणच जोडतो, तिथे जपून बोलावे.

लेवीय २३ मध्ये कोणते सण आहेत?

सुरुवात शब्बाथापासून होते आणि मग वर्षाचे सात सण येतात. पहिल्या महिन्यात वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण आणि पहिल्या पेंढीचे अर्पण. तिथून पन्नास दिवसांनी सप्ताहांचा सण, म्हणजे पेंटेकॉस्ट. सातव्या महिन्यात कर्णे वाजवण्याचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. यातल्या तीन सणांना सगळ्या पुरुषांनी देवासमोर हजर व्हायचे होते (अनुवाद १६:१६): बेखमीर भाकरीचा, सप्ताहांचा आणि मांडवांचा. हनुक्का आणि पुरीम या यादीत नाहीत, ते नंतरचे.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हे सगळे शेतकऱ्याचे वेळापत्रक आहे. जव पिकले की पहिली पेंढी, गहू हाती आला की सप्ताहांचा सण, द्राक्षे नि जैतून गोळा झाले की मांडव. त्या देशात शरदात पहिला पाऊस येतो आणि वसंतात कापणी होते. आपल्या खरीप-रब्बीच्या हिशेबाने वाचले तर क्रम उलटा वाटतो.

‘वसंतातले सण पूर्ण झाले, शरदातले बाकी आहेत’ ही शिकवण कुठून आली?

तिच्या पहिल्या अर्ध्या भागाचा पाया नव्या करारात आहे. पौल ख्रिस्ताला आपला वल्हांडणाचा कोकरा म्हणतो (१ करिंथ ५:७) आणि मेलेल्यांतले प्रथमफळ म्हणतो (१ करिंथ १५:२०). पवित्र आत्मा उतरला तो पन्नासाव्या दिवशीच (प्रेषितांची कृत्ये २).

दुसरा अर्धा भाग, म्हणजे सातव्या महिन्यातले तीन सण पुनरागमनाशी जोडणे, हा अनुमानाचा भाग आहे. तो अगदी नवा नाही. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचे बिशप मेथोडियस यांनी मांडवांच्या सणाचा संबंध सहस्र वर्षांच्या विसाव्याशी लावला होता. पण सातही सणांचा एकसंध तक्ता करून तो घराघरात पोचवण्याचे काम एकोणिसाव्या शतकानंतरच्या युगवादी (देवाच्या योजनेचे वेगवेगळे कालखंड मानणाऱ्या) शिक्षकांनी केले. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड यांच्या टीपांच्या बायबलचा त्यात मोठा वाटा आहे. त्या टीपांत कर्ण्यांच्या सणाचा अर्थ ‘विखुरलेल्या इस्राएलाचे पुन्हा एकत्र येणे’ असा दिला आहे. आज बहुतेकांना ठाऊक असलेला ‘मंडळी उचलली जाणे’ (ख्रिस्त येताना विश्वासणाऱ्यांना वर घेतले जाणे) हा अर्थ तिथे नाही. म्हणजे एकाच परंपरेतसुद्धा या भागावर एकमत नाही. शिकवणाऱ्याने हे लोकांना सांगायला हवे.

वल्हांडण आणि वधस्तंभ यांचा संबंध किती घट्ट आहे?

सर्वांत घट्ट. निर्गम १२ समोर उघडून ठेवा. महिन्याच्या दहाव्या दिवशी निर्दोष कोकरू निवडायचे, चौदाव्या दिवसापर्यंत घरात सांभाळायचे आणि संध्याकाळी कापायचे. एजोब या झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायची. मांस विस्तवावर भाजून कडू भाजी नि बेखमीर भाकरीबरोबर खायचे, तेही कंबर कसून, पायांत जोडा आणि हातात काठी घेऊन. आणि त्याचे एकही हाड मोडायचे नाही.

हे शेवटचे कलम योहानाने बरोबर टिपले. सैनिकांनी दोघा चोरांचे पाय मोडले. येशू आधीच मरण पावला होता म्हणून त्याचे मोडले नाहीत, आणि योहान तिथेच शास्त्रलेखाची आठवण देतो (योहान १९:३६). इतिहासकार योसेफस सांगतो की मंदिरात कोकरे नवव्या ते अकराव्या तासापर्यंत कापली जात, म्हणजे दुपारी साधारण तीन ते पाच. मार्क सांगतो की येशूने नवव्या तासाला मोठ्याने आरोळी मारली. योहानाच्या कालक्रमाप्रमाणे मंदिरात सुऱ्या चालत होत्या त्याच सुमारास वेशीबाहेर हे घडत होते.

मात्र इथेही हात आखडता घ्यावा. येशूचा यरुशलेमेत प्रवेश बरोबर दहाव्या तारखेला, कोकरू निवडण्याच्या दिवशी झाला, असे खूपदा सांगितले जाते. शुक्रवार चौदावा धरला तर झावळ्यांचा रविवार नववा येतो. एवढी कसरत करायची गरजच काय? प्रेषितांनी दिलेला आधार पुरेसा भक्कम आहे.

शेवटचे भोजन वल्हांडणाचे होते का?

मत्तय, मार्क आणि लूक यांच्या वृत्तांताप्रमाणे होय. शिष्य वल्हांडणाची तयारी करतात आणि त्या रात्री प्रभू भाकर मोडतो. योहानात मात्र खटल्याच्या सकाळी यहुदी पुढारी सुभेदाराच्या वाड्यात पाऊल टाकत नाहीत, कारण त्यांना अजून वल्हांडण खायचे आहे (योहान १८:२८). हा फरक खरा आहे आणि विद्वानांनी त्यावर निरनिराळी उत्तरे सुचवली आहेत: वेगवेगळी दिनदर्शिका, ‘वल्हांडण’ शब्दात सबंध आठवड्याची अर्पणे धरणे, किंवा योहानाने अर्थ ठसवण्यासाठी केलेली मांडणी. कुणी विचारले तर हा फरक झाकू नका. चारही शुभवर्तमाने वल्हांडणाच्या सणातच वधस्तंभ दाखवतात, आणि मुद्दा त्यावर उभा आहे.

बेखमीर भाकरीचा सण काय दाखवतो?

पंधराव्या दिवसापासून सात दिवस घरात खमीर नको. पौल त्याचा उपयोग आचरणासाठी करतो: जुने खमीर काढून टाका. काही शिक्षक याचा अर्थ ‘ख्रिस्ताचे पापरहित शरीर कबरेत’ असाही लावतात. सुंदर विचार आहे, पण शास्त्र तो स्पष्टपणे मांडत नाही.

पहिल्या पेंढीचा आणि पुनरुत्थानाचा संबंध कसा लागतो?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच, कारण मंडळ्यांत तो फारसा शिकवला जात नाही.

पहिल्या पिकाची पेंढी याजकाने ‘शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी’ देवासमोर ओवाळायची (लेवीय २३:११). पण कोणता शब्बाथ? परूशी हा यहुदी धर्मपंथ म्हणे, सणाचा पहिला दिवस हाच शब्बाथ, म्हणून पेंढी सोळाव्या तारखेला, वार कोणताही असो. त्यांचे विरोधक म्हणत, आठवड्याचा शब्बाथ, म्हणून पेंढी नेहमी रविवारी. हा वाद इतका पेटला होता की मिश्नात (यहुदी गुरूंच्या नियमांच्या जुन्या संग्रहात) कापणीचा विधीच जाहीर सवाल-जवाबासारखा नोंदवला आहे. आजूबाजूच्या गावांतले लोक जमत. अंधार पडला की कापणारा विचारी, ‘सूर्य मावळला का?’ लोक म्हणत, ‘हो!’ ‘हाच विळा?’ ‘हो!’ ‘हीच टोपली?’ ‘हो!’ प्रत्येक प्रश्न तीनतीनदा, म्हणजे विरोधकांना कळावे की आम्ही जाणूनबुजून याच रात्री कापतो आहोत.

आता योहानाचा कालक्रम लावून पाहा. शुक्रवार चौदावा, शनिवार पंधरावा. योहान १९:३१ मध्ये तो शब्बाथ मोठा होता असे म्हटलेच आहे. मग रविवार सोळावा. त्या वर्षी दोन्ही पक्षांच्या हिशेबाने पेंढीचा दिवस एकच येतो, आणि त्याच पहाटे कबर रिकामी सापडते. ‘प्रथमफळ’ म्हणताना पौलाच्या मनात हेच होते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण पहिली पेंढी अर्पण होते ती मागे सगळे शेत उभे आहे म्हणून, आणि १ करिंथ १५ चा युक्तिवाद नेमका हाच आहे: ख्रिस्त पहिला, मग त्याच्या आगमनाच्या वेळी त्याचे असलेले सगळे. या अध्यायात पुनरुत्थान भूतकाळात थांबत नाही, ते आपल्या उठण्याची हमी देते.

पन्नासाव्या दिवशी खमिराच्या भाकरी का?

सप्ताहांच्या सणाला गव्हाच्या पिठाच्या दोन भाकरी ओवाळायच्या, आणि त्या खमीर घालून भाजायच्या (लेवीय २३:१७). वेदीवर एरवी खमीर चालत नसे, म्हणून हे लक्ष वेधून घेते. त्या दोन भाकरी म्हणजे यहुदी आणि परराष्ट्रीय, दोघेही दोषांसकट स्वीकारलेले, असा अर्थ अनेक ख्रिस्ती शिक्षक लावतात. नव्या करारात हे कुठे लिहिलेले नाही, तरी इफिस २ वाचताना हे चित्र मनात आणायला माझी हरकत नाही.

यहुदी परंपरेत हाच दिवस सीनायवर नियमशास्त्र मिळाल्याचा मानतात. सोन्याच्या वासराच्या प्रसंगी सुमारे तीन हजार माणसे पडली (निर्गम ३२:२८) आणि पेत्राच्या भाषणानंतर सुमारे तीन हजारांची भर पडली (प्रेषितांची कृत्ये २:४१). लूकाने हे मुद्दाम साधले की नाही, वाचकाने ठरवावे.

कर्ण्यांचा सण म्हणजे मंडळी उचलली जाण्याचा दिवस का?

लेवीयात या सणाला तीनच ओव्या दिल्या आहेत: विसावा, कर्णे वाजवून स्मरण, अर्पण. का वाजवायचे ते सांगितलेलेच नाही. नंतर हाच दिवस यहुदी नववर्ष, रोश हशाना झाला, आणि त्याला न्यायाच्या दिवसाचा अर्थ आला.

पौल ‘शेवटल्या कर्ण्या’बद्दल आणि देवाच्या कर्ण्याबद्दल लिहितो (१ करिंथ १५:५२, १ थेस्सल ४:१६), पण सणाचे नाव घेत नाही. जुन्या करारात कर्णा सीनायवर वाजतो, यरीहोभोवती वाजतो, राज्याभिषेकाला वाजतो, योएल संदेष्ट्याच्या इशाऱ्यात वाजतो. एवढे सगळे बाजूला सारून ‘हा कर्णा त्याच सणाचा’ म्हणणे धाडसाचे आहे. सण जागे राहायला शिकवतो एवढे मी आनंदाने शिकवतो. तारीख सांगतो असे शिकवत नाही.

पण सणांवरून तारीख काढता येत नाही का?

नाही. याचा इतिहास दुःखद आहे आणि तो सांगितलाच पाहिजे.

अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांचा हिशेब प्रायश्चित्ताच्या दिवसाशी जोडला. त्यासाठी कराई (फक्त लिखित शास्त्र मानणाऱ्या) यहुद्यांची कालगणना वापरून २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. काहींनी शेतातले पीक कापलेच नाही. तो दिवस गेला, आणि इतिहासात तो ‘मोठी निराशा’ या नावाने राहिला. पुढे १९८८ च्या सप्टेंबरमध्ये रोश हशानाच्या दिवसांवर बोट ठेवणारी एक पुस्तिका अमेरिकेत लाखोंनी वाटली गेली. २०१४ आणि २०१५ मध्ये चार खग्रास चंद्रग्रहणे वल्हांडण नि मांडवांच्या सणांना आली, तेव्हा ‘रक्तचंद्रा’च्या नावाने पुन्हा तेच. वल्हांडण आणि मांडव दोन्ही पौर्णिमेला येतात आणि चंद्रग्रहण पौर्णिमेलाच लागते, हे कुणी थांबून सांगितले असते तर बरे झाले असते. सप्टेंबर २०२५ मध्येही रोश हशानाच्या तारखेचे व्हिडिओ जगभर फिरले, आपल्याकडच्या ग्रुपवरही आले. लोक घाबरून विचारत होते.

‘तो दिवस नि ती घटका कोणाला ठाऊक नाही’ हे कर्ण्यांच्या सणाचेच टोपणनाव होते, कारण नवा चंद्र दिसेपर्यंत दिवस ठरत नसे, असाही दावा सर्रास केला जातो. नवा चंद्र पाहून महिना ठरत असे हे खरे. पण प्रभूच्या काळी ते वाक्य सणाचे नाव म्हणून वापरले जात होते याचा पुरावा कुणी देत नाही. आणि मत्तय २४:३६ मध्ये प्रभू जे झाकून ठेवतो, ते उघड करण्यासाठी त्याचेच वाक्य वापरणे मला पटत नाही.

प्रायश्चित्ताचा दिवस पूर्ण झाला की व्हायचा आहे?

दोन्ही. इब्री लोकांस पत्राच्या ९ आणि १० अध्यायांत उत्तर स्पष्ट आहे: वर्षातून एकदा प्रमुख याजक परक्या रक्ताने परमपवित्रस्थानात जाई, ख्रिस्त स्वतःच्या रक्ताने एकदाच गेला. लेवीय १६ मधले दोन बकरे, एक परमेश्वरासाठी कापलेला आणि दुसरा लोकांची पापे डोक्यावर घेऊन रानात हाकललेला, मिळून एकच काम दाखवतात.

पण त्याच पत्रात एक वाक्य पुढे पाहते: तो पुन्हा दिसेल (९:२८). याजक आतून बाहेर येईपर्यंत लोक बाहेर वाट पाहत, तशी. याला जखऱ्या १२:१० मधला शोक आणि रोम ११ मधली इस्राएलाची आशा जोडून अनेक जण म्हणतात की हा दिवस इस्राएलाच्या पश्चात्तापाचे चित्र आहे. रोम ११ मी गंभीरपणे घेतो, म्हणून ही आशा मलाही आहे.

तालमुद या यहुदी गुरूंच्या मोठ्या ग्रंथातला एक उतारा इथे हमखास पुढे केला जातो: मंदिर उद्ध्वस्त होण्याआधी चाळीस वर्षे बकऱ्याचा लाल धागा पांढरा होईनासा झाला (तो पांढरा होणे ही क्षमेची खूण मानत). मंदिर इ. स. ७० मध्ये पडले, म्हणून वजाबाकी ३० च्या आसपास येते. उतारा खरा आहे. त्याचा संबंध येशूशी तालमुदाने लावलेला नाही, आपण लावतो. एवढे सांगून मग हवे तर वापरावा.

मांडवांच्या सणात एवढे काय आहे?

सात दिवस लोक डहाळ्यांच्या मांडवात राहत, रानातल्या चाळीस वर्षांच्या आठवणीसाठी. मंदिरात रोज पहाटे याजक सोन्याच्या सुरईत शिलोहाच्या तळ्याचे पाणी आणून वेदीवर ओतत. पावसाळा तोंडावर आलेला असे, म्हणून ही पावसाची प्रार्थनाही होती. रात्री स्त्रियांच्या अंगणात उंच दीपवृक्ष पेटत. त्यांच्या वाती याजकांच्या जुन्या, विरलेल्या कपड्यांच्या चिंध्यांपासून वळत. यरुशलेमेतले एकही अंगण असे नव्हते की जिथे तो उजेड पोचत नसे, असे मिश्ना सांगते.

हे डोळ्यांसमोर आणून योहान ७ वाचा. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून ओरडतो: तान्हेल्याने माझ्याकडे यावे. आणि पुढच्या अध्यायात: मी जगाचा प्रकाश आहे. पाण्याच्या आणि दिव्यांच्या सणात ही दोन वाक्ये ऐकणाऱ्याला काय वाटले असेल!

भविष्याचा धागा जखऱ्या १४:१६ मध्ये आहे. यरुशलेमेवर चालून आलेल्या राष्ट्रांतले उरलेले लोक दरवर्षी हा सण पाळायला वर जातील. सातव्या महिन्याच्या सणांपैकी या एकाच सणाला संदेष्ट्याने स्वतः असे स्पष्ट भविष्य दिले आहे, म्हणून त्याचे वजन वेगळे. गणना २९ मध्ये सात दिवसांचे गोऱ्हे मोजले, तेरापासून रोज एक कमी करत सातपर्यंत, की सत्तर होतात. यहुदी पंडितांनी ते जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी मानले. प्रकटीकरण २१:३ मध्ये देवाचा मंडप माणसांजवळ येतो तेव्हा हे सगळे एकत्र येते. सहस्र वर्षांचे राज्य शब्दशः मानणारे आणि न मानणारे, दोघेही इथवर सोबत चालू शकतात.

हनुक्का आणि पुरीम यांचे काय?

येशू हनुक्काच्या वेळी मंदिरात होता (योहान १०:२२). इ. स. पू. १६४ मध्ये मक्काबी या यहुदी बंडखोर घराण्याने मंदिर शुद्ध केले त्याची ती आठवण. त्याआधी अंतियोखस या ग्रीक राजाने केलेला मंदिराचा विटाळ दानीएलाच्या भविष्याशी जोडला जातो आणि प्रभू ‘ओसाडी करणाऱ्या अमंगळा’चा उल्लेख पुढच्या काळासाठीही करतो, म्हणून हा सण भविष्यवाणीच्या अभ्यासात येतो. पुरीमची कथा एस्तेरच्या पुस्तकात आहे. तिचा तक्ता कुणी करू नये.

वल्हांडण आणि ईस्टर वेगवेगळ्या तारखांना का येतात?

इ. स. ३२५ च्या निकिया परिषदेनंतर मंडळीने ईस्टरचा हिशेब यहुदी पंचांगापासून वेगळा केला. यहुदी पंचांग आपल्या पंचांगासारखेच चांद्र-सौर आहे. अधिक मास तिथेही असतो, १९ वर्षांत ७ वेळा, पण नेहमी अदार महिन्याचाच. त्यामुळे २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आणि वल्हांडण २२ एप्रिलच्या संध्याकाळी, इतके अंतर पडले.

महाराष्ट्रात हे सण कोणी पाळत होते का?

होय, आणि मराठी नावांनी. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांनी हे सण पिढ्यान्‌पिढ्या जपले. नववर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण: दारे लावून, पांढरे कपडे घालून, उपास करून घरात राहायचे. पुरीम फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो म्हणून होळीचा सण. आणि वल्हांडण म्हणजे अनाशी ढाकाचा सण: आंबट कालवणाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवायचे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हन्नबी येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि त्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर नि फळांचा मलिदा करतात. मलाखीने ज्याची वाट पाहायला सांगितली तो हाच एलीया. वल्हांडणाच्या कडू भाज्यांबद्दल मराठीत लिहिताना या लोकांना विसरणे बरोबर नाही.

यहुदी लोकांना आपले अर्थ मान्य आहेत का?

बहुतेकांना नाहीत. शिवाय एक जखम आहे. दुसऱ्या शतकापासून काही ख्रिस्ती उपदेशकांनी वल्हांडणावर बोलताना यहुद्यांवर देवहत्येचा आरोप केला, आणि युरोपात पुनरुत्थान सप्ताह यहुदी वस्त्यांसाठी भीतीचा झाला. ‘आता सण आमचे, तुमचे संपले’ या सुरात शिकवणाऱ्याने रोम ११:१८ वाचावे: फांदीने मुळापुढे बढाई मारू नये.

मग ख्रिस्ती माणसाने हे सण पाळावेत का? मंडळीत सेडर (यहुदी घरातले वल्हांडणाचे विधिपूर्वक भोजन) करावा का?

बंधन नाही. कलस्सै २:१६-१७ मध्ये पौल सणांवरून कोणी तुम्हांला दोष लावू नये म्हणतो, आणि त्यांना येणाऱ्या गोष्टींची छाया म्हणतो. तारणासाठी सण आवश्यक आहेत असे कोणी शिकवत असेल तर गलतीकरांस पत्र त्याच्या हाती द्या. बंदीही नाही. पौल स्वतः पेंटेकॉस्टला यरुशलेमेत पोचण्याची घाई करत होता (प्रेषितांची कृत्ये २०:१६).

सेडरबद्दल माझे मत जरा कडक आहे. आजचा सेडर बराचसा मंदिर पडल्यानंतर घडला. म्हणून ‘येशूने अगदी असेच केले’ म्हणून तो करणे चुकीचे आहे. बेखमीर भाकरीवरची भोके नि डाग म्हणजे ख्रिस्ताच्या जखमा, तीन भाकरी म्हणजे त्रैक्य, असले अर्थ यहुदी घरातल्या विधीवर लादू नयेत. कोणी यहुदी कुटुंबाने बोलावले तर जरूर जा, पाहुणा म्हणून बसा आणि ऐका. मंडळीत शिकवायचे असेल तर निर्गम १२ सबंध मोठ्याने वाचा, मुलांना दारबाह्या नि एजोबाची जुडी समजावून सांगा, मग १ करिंथ ५ वाचा आणि प्रभुभोजनाला बसा. सातव्या महिन्याच्या सणांसाठी लेवीय १६, इब्री ९, योहान ७ आणि जखऱ्या १४ हा क्रम ठेवा, आणि तक्ता फळ्यावर काढलाच तर प्रत्येक रकान्याखाली वचन लिहा. ज्या रकान्याखाली वचन मिळत नाही, तो कोरा राहू द्या.